छोट्या ट्रॅक्टरमागे काय जोडावे?

डिसेंबरमध्ये पुण्याजवळ मोशीला किसान प्रदर्शन भरते, तेव्हा अवजारांच्या मंडपात सर्वांत जास्त गर्दी रोटाव्हेटरभोवती असते. शेजारशेजारच्या दोन स्टॉलवर चार-चार फुटांचे दोन रोटाव्हेटर मांडलेले दिसतात. रुंदी तीच, पात्यांची संख्या तीच, रंगही तसाच झगझगीत. किमतीत मात्र कितीतरी हजारांचा फरक. शेतकरी दोन्हींभोवती फेरी मारतो, पत्र्यावर टिचकी मारून बघतो, पाती हाताने हलवून बघतो आणि महागड्या यंत्राच्या विक्रेत्याला विचारतो, “यात असं जास्तीचं काय आहे?”

प्रश्न अगदी रास्त आहे. पण ज्या भागांसाठी जास्तीचे पैसे मोजायचे असतात, ते बाहेरून दिसतच नाहीत. ते गिअरबॉक्समध्ये असतात, बाजूच्या बंद डब्यात असतात, ऑइल सीलच्या ओठात आणि पात्याच्या पोलादात असतात. त्यामुळे निवड अनेकदा रंगावर, सवलतीवर किंवा “गावात अमक्याने घेतलाय” या भरवशावर होते.

हा प्रश्न आता घराघरांत येऊ लागला आहे. 2015-16 च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याची सरासरी जमीनधारणा 1.34 हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास आहे. एवढ्या रानाला पन्नास एचपीचा ट्रॅक्टर परवडत नाही आणि द्राक्षाच्या किंवा डाळिंबाच्या दोन ओळींत तो नीट वळतही नाही. म्हणून स्वराज 724, महिंद्रा जिवो, कुबोटाचा निओस्टार, व्हीएसटी शक्ती, राजकोटचा कॅप्टन असे लहान ट्रॅक्टर बागांत आणि ऊस-कापसाच्या सऱ्यांत फिरू लागले. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध बचत गटांसाठी राज्याच्या सामाजिक न्याय विभागाची योजना तर 9 ते 18 एचपीच्या मिनी ट्रॅक्टरवरच उभी आहे. साडेतीन लाखांच्या मर्यादेपर्यंत 90 टक्के अनुदान असलेल्या या योजनेत ट्रॅक्टरबरोबर कल्टीव्हेटर किंवा रोटाव्हेटर आणि ट्रेलर ही उपसाधनेही येतात. 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टर आणि शेती अवजारांवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला.

ट्रॅक्टर घेताना घरातले सगळे दोन-दोन महिने चर्चा करतात. अवजार मात्र त्याच दिवशी, त्याच शोरूममध्ये, “सोबत हेही द्या” म्हणून घेतले जाते. खरे तर मातीत काम करते ते अवजार. ट्रॅक्टर त्याला ओढतो आणि फिरवतो.

अवजारांचा धंदा जवळून पाहणारे मेकॅनिक, कृषी अभियंते आणि भाड्याने कामे करणारे ट्रॅक्टरमालक निवडीचा जो हिशेब सांगतात, तो साधा आहे. अवजाराचा जो भाग वेगाने फिरतो, दाबाखाली चालतो किंवा मोजून देतो, त्यासाठी पैसे सोडावेत. जो भाग नुसता मातीतून ओढला जातो, तिथे ते वाचवावेत. हे एकेका अवजाराला लावून पाहिले की चित्र बरेच स्पष्ट होते.

रोटाव्हेटरच्या पोटात

सुरुवात रोटाव्हेटरपासून करायला हवी, कारण लहान ट्रॅक्टरमागे सर्वांत जास्त पैसा त्यातच जातो. आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड या ऑस्ट्रेलियन तरुणाने 1912 मध्ये न्यू साउथ वेल्समधल्या गिलगांड्रा इथे वडिलांच्या शेतावर फिरत्या पात्यांनी माती उकरण्याचे प्रयोग केले. नेहमीची पाती माती बाजूला फेकतात, हे त्याच्या लक्षात आले. मग त्याने लहान व्यासाच्या आसावर, अंतर ठेवून, इंग्रजी ‘एल’ अक्षराच्या आकाराची पाती बसवली. शंभरहून अधिक वर्षे उलटली, तरी आज तासगावात किंवा निफाडमध्ये चालणाऱ्या रोटाव्हेटरची पाती बहुतेक त्याच आकाराची असतात. म्हणजे आकृतीत फारसे गुपित उरलेले नाही, ती कुणीही बनवू शकतो. किमतीतला फरक धातू आणि घडणीतून येतो.

ट्रॅक्टरचा पीटीओ, म्हणजे मागे ताकद देणारा फिरता आस, मिनिटाला 540 फेरे घेतो. ती गती जॉइंटमधून, म्हणजे दोघांना जोडणाऱ्या शाफ्टमधून, रोटाव्हेटरच्या मधल्या गिअरबॉक्सकडे येते, तिथे क्राऊन-पिनियनमुळे काटकोनात वळते, बाजूच्या डब्यातून खाली उतरते आणि पात्यांचा आस मिनिटाला साधारण दोनशे फेऱ्यांच्या वेगाने फिरवते. आसावर 24 पाती असतील तर मिनिटाला 4,800 घाव होतात आणि तासाला जवळपास तीन लाख. यातला प्रत्येक घाव पात्याच्या बोल्टवर, आसाच्या वेल्डिंगवर, बेअरिंगवर आणि शेवटी गिअरच्या दातावर जातो. मातीत दगड निघाला तर तो धक्का कैकपटीने मोठा असतो.

बाजूच्या डब्यात साखळी आहे की गिअर, हा विक्रेत्याला विचारायचा पहिला प्रश्न. साखळीचा रोटाव्हेटर स्वस्त आणि हलका असतो. काळ्या, मऊ, दगड नसलेल्या रानात, वर्षाला थोडेच तास चालणार असेल तर तो वर्षानुवर्षे तक्रार करत नाही. फक्त साखळीचा ताण बघत राहावे लागते, तेल कमी पडू द्यायचे नसते. मुरमाड आणि धोंड्यांच्या रानात गोष्ट बदलते. तिथल्या धक्क्यांनी साखळी सैल होते, कधी तुटते आणि तुटताना डब्यालाही इजा करते. अशा रानासाठी गिअरचा डबाच घ्यावा आणि त्यासाठी जास्तीचे पैसे मोजायला कचरू नये.

दुसरी गोष्ट पात्यांची. चांगली पाती बोरॉन पोलादाची असतात. पोलादात बोरॉन जेमतेम काही हजारांश टक्के मिसळलेले असते, पण तेवढ्याने पाणी देताना ते आतपर्यंत कडक होते. पाते नुसते कडक असून भागत नाही. ते ठिसूळ झाले तर दगडावर तुकडा पडतो, मऊ राहिले तर वाळू त्याला झिजवत जाते. हा तोल भट्टीतल्या तापमानावर ठरतो आणि डोळ्यांना दिसत नाही. म्हणून पात्यावर कंपनीचा ठसा कोरलेला आहे का, बदली पाती त्याच ठशाची मिळतात का, हे बघणे सामान्य ग्राहकाच्या हातातले आहे. पात्यांचा एक फायदाही आहे. ती बोल्टने बसतात आणि झिजल्यावर बदलावीच लागतात. मध्यम दर्जाचा पण भक्कम गिअरबॉक्सचा रोटाव्हेटर घेतला आणि पहिला संच झिजल्यावर चांगल्या कंपनीची पाती लावली, तर यंत्राचे काम सुधारते. उलटा प्रकार चालत नाही. कच्च्या गिअरबॉक्सवर महाग पाती लावून काही साधत नाही.

तिसरी गोष्ट सील. पात्यांच्या आसाच्या दोन्ही टोकांना बेअरिंग असते आणि मातीपासून त्याला वाचवते ते ऑइल सील. कोकणात, मावळात, भंडारा-गोंदियाच्या भातखाचरांत चिखलणीसाठी रोटाव्हेटर पाण्यातच चालतो. साधे सील असेल तर गाळ आत शिरतो, तेल पांढरट होते आणि काही दिवसांत बेअरिंग आवाज करू लागते. एकापेक्षा जास्त ओठांच्या किंवा धातूच्या दोन कड्यांच्या सीलला पैसे जास्त पडतात, पण चिखलणी करणाऱ्याने तिथे काटकसर केली तर ती पहिल्याच पावसाळ्यात अंगलट येते. सोलापूर किंवा जतच्या कोरडवाहू शेतकऱ्याला मात्र त्या सीलची तेवढी गरज नसते.

महागड्या यंत्रातले सगळेच कामाचे असते असे नाही. गिअर बदलून आसाचा वेग कमी-जास्त करता येणारा गिअरबॉक्स भाड्याने वेगवेगळ्या रानांत जाणाऱ्याला उपयोगी पडतो. तीन एकरांच्या एकाच पोताच्या जमिनीत तो वेग वर्षानुवर्षे बदललाच जात नाही. याउलट, रोटाव्हेटर एका बाजूला सरकवण्याची सोय बागायतदाराला खरोखर हवी असते, कारण त्यामुळे ट्रॅक्टर ओळीच्या मधोमध राहतो आणि पाती झाडाच्या बुंध्याजवळच्या गवतापर्यंत पोहोचतात. कापूस-सोयाबीनवाल्याला त्या सोयीचे पैसे देण्याचे कारण नाही.

जड म्हणजे चांगले?

अवजार घेताना आणखी एक समज आड येतो. जास्त लोखंड म्हणजे जास्त टिकाऊ, म्हणून वजनाला जड ते चांगले. मोठ्या ट्रॅक्टरला हा समज फारसा नडत नाही. लहान ट्रॅक्टरला नडतो.

अवजार उचलणाऱ्या तीन-बिंदू जोडणीची रचना हॅरी फर्ग्युसनने विकसित केली आणि 1939 च्या फोर्ड 9 एन ट्रॅक्टरमुळे ती सर्वत्र पोहोचली. आज लहान-मोठे सगळे ट्रॅक्टर तीच वापरतात. लहान ट्रॅक्टरच्या माहितीपत्रकात लिफ्टची ताकद छापलेली असते. अनेकदा ती खालच्या दोन लिंकांच्या टोकाशी मोजलेली असते. अवजाराचे वजन मात्र त्या टोकाच्या मागे, फूट-दोन फूट अंतरावर लटकते. जितके मागे, तितकी लिफ्टची खरी ताकद कमी. म्हणून चाचणी अहवालांत टोकापासून 610 मिलिमीटर मागे मोजलेला आकडाही दिलेला असतो, आणि बघायचा तो हाच आकडा. त्यापेक्षा जड अवजार लावले तर लिफ्ट कण्हते, पुढची चाके हलकी होतात, बांध चढताना स्टिअरिंगला पकड राहत नाही. वळणावर असे होणे धोक्याचे आहे.

रुंदीचेही तसेच. इंजिनाचे एचपी आणि पीटीओचे एचपी सारखे नसतात, पीटीओपर्यंत पोहोचताना ताकद कमी होते. रोटाव्हेटर पीटीओच्या एचपीवर निवडायचा असतो. 18-20 एचपीच्या ट्रॅक्टरला साधारण तीन फुटी आणि 24-28 एचपीला साडेतीन ते चार फुटी रोटाव्हेटर पेलतो. निदान मागच्या दोन चाकांचे ठसे झाकले जातील एवढी रुंदी हवी, नाहीतर चाकांनी दाबलेली पट्टी तशीच राहते. स्वस्तात मिळतो म्हणून पाच फुटी घेतला तर ट्रॅक्टर खालच्या गिअरमध्ये रडतखडत चालतो आणि डिझेल पितो. वाचलेले पैसे दोन हंगामांत पंपावर जातात.

गावच्या वर्कशॉपचे अवजार

कल्टीव्हेटर, सरी पाडायचे रिजर, सपाटीकरणाची फळी, वखराची पास ही सगळी ओढली जाणारी अवजारे. त्यांत गिअर नाही, तेल नाही, सील नाही. इथे तालुक्याच्या गावातला चांगला वेल्डर मोठ्या कंपनीच्या बरोबरीने उभा राहतो, कधी तिच्या पुढेही जातो. द्राक्षबागेत दोन ओळींतले अंतर आठ फूट आहे, नऊ आहे की दहा, हे त्याला ठाऊक असते. उसाची सरी साडेचार फुटांची की पाच फुटांची, हे विचारून तो फाळांचे अंतर ठरवतो. कंपनीचे अवजार सगळ्या राज्यांसाठी एकाच मापात निघते. वर्कशॉपचे अवजार त्या शिवारासाठी बनते आणि एखादा दांडा वाकला तर रात्रीतून सरळ करून मिळतो.

मात्र इथेही काही गोष्टी बघायच्याच असतात. लहान ट्रॅक्टरची जोडणी सहसा श्रेणी 1 किंवा तिच्या अरुंद प्रकाराची असते. श्रेणी 1 मध्ये खालच्या पिना 22 मिलिमीटरच्या आणि टॉप लिंकची पिन 19 मिलिमीटरची. काही वर्कशॉपमध्ये हाताशी असेल त्या ड्रिलने भोक पाडले जाते. भोक दोन मिलिमीटर मोठे झाले तरी पिन आत आपटत राहते, भोक लंबगोल होते आणि अवजार डुलू लागते. सरी वाकडी पडण्याचे कारण अनेकदा तिथे असते. पिन भोकात घालून हलवून पाहायला मिनिटभरही लागत नाही.

फाळ बोल्टने बसवलेले असावेत, वेल्ड केलेले नकोत. दोन बोल्टांतले अंतर बाजारात मिळणाऱ्या फाळाशी जुळणारे असावे आणि फाळ उलटून दुसऱ्या टोकाने वापरता यावा. वेल्डिंगची शिवण एकसंध आहे की ठिपक्याठिपक्यांनी जोडली आहे, हे रंग लावण्याआधी दिसते. म्हणून जाणकार शेतकरी अवजार रंगवण्याआधीच बघायला जातात.

पलटी नांगर या दोहोंच्या मधला. सांगाडा स्थानिक चालतो, पण माती ज्यावरून घसरते तो पत्रा आणि टोकाचा फाळ चांगल्या पोलादाचा लागतो. खडबडीत, मऊ पत्र्याला काळी माती चिकटते आणि ट्रॅक्टरवरचा भार वाढतो.

ब्लोअर: दाब आणि थेंब

नाशिक, सांगली आणि सोलापूरच्या द्राक्षपट्ट्यात लहान ट्रॅक्टर घेण्याचे मोठे कारण फवारणी हेच असते. ऑक्टोबर छाटणीनंतर डाऊनी आणि भुरी या रोगांच्या भीतीने बागेत पुन्हा पुन्हा ब्लोअर फिरवावा लागतो. पाऊस पडून गेल्यावर तर काही तासांत फवारणी उरकायची असते. त्या वेळी पंप बंद पडला तर नुसती दुरुस्ती अंगावर पडत नाही, घड हातचे जातात.

ब्लोअरमध्ये वर सांगितलेल्या तिन्ही गोष्टी एकत्र येतात. पंखा फिरतो, पंप दाबाखाली चालतो आणि नोझल मोजून थेंब देतात. म्हणून इथे चांगल्या दर्जासाठी पैसे घालणे सर्वांत जास्त पटते. पडद्याच्या पंपात औषध आणि पंपाचे तेल यांच्यामध्ये लवचीक पडदा असतो. पडदा फाटला की तेल दुधाळ दिसू लागते आणि पंप वेळेत थांबवला तर नवा पडदा बसवून काम पुढे चालते. पडदा कोणत्या कंपनीचा, तो तालुक्याच्या दुकानात मिळतो का, हे ब्लोअर घेण्याआधी विचारायला हवे. टाकीचा आकार ठरवताना पाण्याचे वजनही धरावे. 400 लिटर म्हणजे 400 किलो, त्यात सांगाडा, पंप आणि पंखा वेगळे. लिफ्टवर उचलायचा ब्लोअर आणि चाकांवर ओढायचा ब्लोअर यांतली निवड इथे होते.

सर्वांत कमी लक्ष जाते ते नोझलकडे. पितळी नोझल स्वस्त, पण पाण्यात मिसळणाऱ्या पावडरींचे बारीक कण त्याचे छिद्र झिजवत राहतात. सिरॅमिकचे नोझल महाग पडते आणि कितीतरी जास्त टिकते. तपासणी घरच्या घरी होते. नुसते पाणी भरावे, नेहमीच्या दाबावर ब्लोअर चालवावा, प्रत्येक नोझलखाली एक मिनिट नळी लावून पाणी मापात धरावे. नव्या नोझलपेक्षा दहा टक्के जास्त पाणी येत असेल तर नोझल बदलायचे. समजा, हंगामात औषधांवर लाख रुपये खर्च होतात. सगळी नोझल दहा टक्के जास्त वाहत असतील तर तेवढ्याच कामाला दहा हजारांचे औषध जास्त जाते. त्यातले बरेचसे जमिनीवर गळते, आणि पानांवर जास्त बसलेल्या औषधाचे अवशेष निर्यातीच्या तपासणीत पुढे येऊ शकतात. त्यामानाने सिरॅमिकच्या नोझलचा संच किरकोळ वाटावा.

पेरणी यंत्रातही मोजमापाचाच प्रश्न असतो. सोयाबीनच्या दाण्याचे साल पातळ असते, भुईमुगाचा दाणा ठिसूळ. बियाण्याच्या पेटीखालची चकती किंवा रोलर खरबरीत असेल तर दाणा आतल्या आत चिरतो, वरून काही दिसत नाही, आणि उगवण कमी झाली की दोष बियाण्याला दिला जातो. यंत्र घेण्याआधी आपलेच किलोभर बियाणे पेटीत घालावे, चाक हाताने फिरवून दाणे ताडपत्रीवर पाडावेत आणि फुटके दाणे वेचावेत. बऱ्या-वाईटाचा निकाल तिथेच लागतो.

तासांचा हिशेब

स्वस्त की महाग, या प्रश्नाचे उत्तर शेवटी वर्षाला यंत्र किती तास चालणार यावर येऊन ठेपते. समजा, एक रोटाव्हेटर 65 हजारांचा आणि दुसरा एक लाखाचा आहे. फरक 35 हजार. एका शेतकऱ्याचे स्वतःचे चार एकर आहे आणि वर्षाला त्याचा रोटाव्हेटर 40 तास चालतो. आठ वर्षांत 320 तास झाले, म्हणजे जास्तीच्या किमतीचा बोजा तासाला सुमारे 110 रुपये. दुसरा शेतकरी घरचे काम करून भाड्याने जातो आणि वर्षाला 300 तास काम करतो. आठ वर्षांत 2,400 तास होतात आणि तोच फरक तासाला 15 रुपयांवर येतो. दुसऱ्याचे महिन्यातले दोन दिवस जरी दुरुस्तीत गेले, तरी त्याचे नुकसान यापेक्षा कितीतरी मोठे. पहिल्याने मात्र साधा, नीट पारखलेला रोटाव्हेटर घेतला तर त्यात कमीपणा नाही. त्याहून कमी तासांचे काम असेल तर अवजार बँकेतून किंवा शेतकरी उत्पादक कंपनीकडून भाड्याने आणणे आणखी परवडते.

अनुदानामुळे हिशेब थोडा बदलतो. केंद्राचे कृषी यांत्रिकीकरण उपअभियान 2014-15 पासून सुरू आहे. त्यात अल्प व अत्यल्पभूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना 50 टक्के आणि इतरांना 40 टक्के अनुदान मिळते, पण प्रत्येक अवजाराला कमाल मर्यादा असते. समजा ही मर्यादा 35 हजार आहे. 65 हजारांच्या यंत्राला निम्मे, म्हणजे साडेबत्तीस हजार मिळाले आणि खिशातून साडेबत्तीस गेले. लाखाच्या यंत्राला मिळाले 35 हजार, खिशातून गेले 65. म्हणजे मर्यादा ओलांडल्यानंतरचा प्रत्येक जास्तीचा रुपया शेतकऱ्याचाच असतो. राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करणाऱ्याने पूर्वसंमती मिळण्याआधी अवजार विकत घेऊ नये, नाहीतर अनुदानाचा हक्क जातो.

अनुदानासाठी अवजाराची अधिकृत संस्थेत चाचणी झालेली असावी लागते. मध्य प्रदेशातले बुदनी, हरियाणातले हिस्सार, आंध्रातले गार्लादिन्ने आणि आसाममधले बिश्वनाथ चारियाली इथे केंद्र सरकारच्या चाचणी संस्था आहेत. चाचणी अहवालात वजन, पात्यांच्या कडकपणाची मोजमापे, लागणारी ताकद आणि चाचणीत काय झिजले किंवा मोडले, हे लिहिलेले असते. माहितीपत्रकातल्या दहा पानांपेक्षा अहवालाची दोन पाने जास्त सांगून जातात. विक्रेत्याकडे ती हक्काने मागावीत.

किमतीइतकाच महत्त्वाचा आहे सुट्या भागांचा प्रश्न. जमीन वापशावर येते आणि काही दिवसांतच सुकते. त्या दिवसांत जॉइंटचा तुटलेला क्रॉस दुसऱ्या जिल्ह्यातून मागवावा लागला तर नामांकित यंत्रही बांधावर पडून राहते. म्हणून यंत्र ठरवण्याआधी तालुक्याच्या दुकानात चार वस्तूंची चौकशी करावी: पाती, ऑइल सील, बेअरिंग आणि जॉइंटचा क्रॉस. बेअरिंगवर बाजारात सर्रास मिळणारा क्रमांक असेल तर ते कुठल्याही दुकानात मिळते. खास कंपनीचाच क्रमांक असेल तर शेतकरी त्या कंपनीशी बांधला जातो. रांजणगावला कारखाना असलेल्या इटालियन मास्किओ गास्पार्दोपासून राजकोटच्या शक्तिमानपर्यंत अनेकांचा माल महाराष्ट्रात विकला जातो, पण एकाच कंपनीची सेवा एका तालुक्यात उत्तम आणि शेजारच्या तालुक्यात नावालाही नाही, असे घडू शकते. फलकावरचे नाव बघून हे कळत नाही. ज्यांनी दोन हंगाम यंत्र वापरले आहे, त्यांनाच ते माहीत असते.

ज्यावर सवलत घेऊ नये

स्वस्त अवजारांत सर्वांत आधी गाळले जाते ते जॉइंटवरचे प्लॅस्टिकचे कव्हर आणि गिअरबॉक्सजवळची जाळी. पीटीओ मिनिटाला 540 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. साडेपाच सेंटीमीटर जाडीच्या उघड्या शाफ्टला उपरण्याचे टोक किंवा साडीचा पदर लागला तर एका सेकंदात दीड मीटर कापड त्यावर गुंडाळले जाते. हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही. आजवर यात अनेकांचे हात, केस आणि जीव गेले आहेत. कव्हर, त्याला ट्रॅक्टरशी बांधणारी साखळी आणि पात्यांमागचा झुलता पत्रा ज्या यंत्राला नाहीत, ते किंमत काहीही असो, घेऊ नये. जुने यंत्र घेतले असेल तर जॉइंटचे कव्हर वेगळे विकत मिळते. ते लावल्याशिवाय ट्रॅक्टर चालू करू नये.

दगड लागल्यावर गिअरबॉक्स वाचवणारा शिअर बोल्ट किंवा स्लिप क्लचही असाच. बोल्ट तुटला की काहीजण हाताशी असलेला कडक बोल्ट घालून काम उरकतात. पुढचा दगड लागला की मग बोल्टाऐवजी गिअरचा दात तुटतो. त्यामुळे यंत्राबरोबर त्याच मापाचे चार-सहा बोल्ट मागून घ्यावेत आणि ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये ठेवावेत.

अवजार शेतावर आल्यावर एक काम उरते आणि नेमके तेच घाईत राहून जाते. जॉइंटचा शाफ्ट दोन नळ्यांचा असतो, एक दुसरीत सरकते. कारखान्यातून तो मोठ्या ट्रॅक्टरच्या मापानेही येऊ शकतो. लहान ट्रॅक्टरचा पीटीओ आणि अवजार यांच्यात अंतर कमी असते. लांब शाफ्ट तसाच लावला तर लिफ्ट वर घेताना तो टोकाला टेकतो आणि सगळा दाब पीटीओच्या बेअरिंगवर आणि गिअरबॉक्सच्या तोंडावर येतो. नवे, महाग यंत्र पहिल्याच दिवशी असे मोडू शकते. शाफ्ट फार आखूड कापला तर नळ्या एकमेकींतून निसटतात. म्हणून अवजार जोडून लिफ्ट सावकाश वर-खाली करावी आणि ज्या जागी अंतर सर्वांत कमी होते तिथे माप घ्यावे. त्या जागी इंचभर मोकळीक उरेल इतपतच शाफ्ट कापायचा आणि सर्वांत लांब ताणला तरी निदान एक तृतीयांश भाग आत राहायला हवा. दोन्ही नळ्या आणि कव्हर सारख्याच मापाने कापून धारदार कडा घासून घ्यायच्या. हे काम विक्रेत्याच्या मेकॅनिकने शेतकऱ्यासमोर करून द्यायचे असते. त्याच वेळी गिअरबॉक्समध्ये 90 नंबरचे तेल खुणेपर्यंत आहे का ते बघून घ्यावे आणि अर्धा तास आपल्याच रानात चालवल्यावर पात्यांचे बोल्ट पुन्हा आवळून घ्यावेत. एवढे झाल्यावरच उरलेली रक्कम चुकती करावी, आणि पक्क्या बिलावर यंत्राचा क्रमांक व वॉरंटीची मुदत लिहून घ्यावी.